मागणीप्रमाणे फ्लोराइड

बोरटाकळी, ता. औराद, जि. बीदर
२२ जून १९८७

ती. श्रीमंतमामांस,
सोजरचा सप्रेम जयभीम.

शाळा सुरू झाली. मी आता आपल्याच गावच्या मराठी शाळेत हंगामी शिक्षिका आहे. हंगामी म्हणजे हेडमास्तर शरणप्पांच्या मनात असेल तोवर. त्यांच्या मनात सध्या दात आहेत.

दर सोमवारी प्रार्थना झाली की मुलं ओठ फाकवून रांगेत उभी राहतात आणि सर छडी घेऊन फिरतात. आपल्या वस्तीतल्या मुलांचे दात तपकिरी आहेत, काहींच्या दातांवर खडू घासल्यासारखे पट्टे. सर म्हणतात, "दात घासायचं माहीत न्हाई आन् पाढे शिकायला आलेत." मारोतीदादाच्या थोरल्या इंदिराला परवा दोन छड्या बसल्या. घरी येऊन तिनं राखेनं दात इतके घासले की हिरड्यांतून रक्त आलं. डाग जिथल्या तिथे. वस्तीतल्या लहान मुली हल्ली तोंडावर हात ठेवूनच हसतात. गावातल्या बायका म्हणतात, पोरी किती मर्यादेनं राहायल्यात!

पण यावर उपाय आहे, मामा. बीदरच्या कॉलेजातून आणलेल्या एका पुस्तकात मी वाचलं की परदेशात शहरांच्या पाण्यात फ्लोराइड नावाचं द्रव्य घालतात आणि त्यानं मुलांचे दात किडत नाहीत. मी लगेच अर्ज लिहिला: "आमच्या वस्तीच्या हातपंपाच्या पाण्यात फ्लोराइड घालण्याची व्यवस्था व्हावी." सोबत सत्याऐंशी सह्या आणि अंगठे आहेत. आईनं सही केली. तिला सहीला इतका वेळ लागला की मागच्यांनी कंटाळून अंगठेच दिले. सही करून झाल्यावर म्हणाली, "पंपात काय बी टाकू नगा म्हणाव. चांगलं पाणी हाय आपलं." तिला मी समजावलं.

तुम्ही पाणीपुरवठ्याच्याच कचेरीत आहात. अर्ज साहेबांच्या हातात द्यावा. शिकलेल्या माणसानं पुढाकार घेतला तर सरकार ऐकतं, असा माझा विश्वास आहे.

आपली भाची,
सोजर


गुलबर्गा
४ जुलै १९८७

चि. सोजर बी.एस्सी. हिस,
आशीर्वाद व जयभीम.

तुझा विश्वास पोचला. अर्जही पोचला. बावीस वर्षं कारकुनी केली, लोक पाणी द्या म्हणून अर्ज करतात. पाण्यात औषध घाला म्हणणारं तुमचं गाव पहिलंच.

साहेबांच्या हातात दिला तर काय होईल ते सांगतो. साहेब विचारतील, फ्लोराइड म्हणजे काय? मी मॅट्रिक. मला येणार नाही, त्यांनाही येणार नाही. मग समिती नेमतील. समिती जीपनं बोरटाकळीला येईल, कोंबडी खाईल आणि गावात कोंबड्या उत्तम आहेत असा अहवाल देईल.

तेव्हा रस्ता माग, विजेचा खांब माग, समाजमंदिर माग. पंपाच्या वाटेला जाऊ नकोस. सरकारची एखादी वस्तू चालू असली तर तिच्याकडे सरकारचं लक्ष वेधू नये, हा नोकरीतला पहिला धडा. मुलांना कडुनिंबाच्या काड्या दे. शरणप्पांनाही एक दे.

अर्ज माझ्याजवळ सुरक्षित आहे. माझ्याजवळ आलेला कागद कधी गहाळ होत नाही.

अक्काला सांग, यंदाही सुट्टी मिळत नाही.

श्रीमंत


बोरटाकळी
१९ जुलै १९८७

ती. मामांस, जयभीम.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. एकदा हसले, एकदा वाईट वाटलं. आपला माणूस कचेरीत बसला की आपली कामं होतील, असं आजोबा म्हणायचे. आपला माणूस बसला, आणि बसूनच राहिला.

अर्जाची दुसरी प्रत मी कमलनगरच्या पोस्टातून रजिस्टर करून थेट साहेबांच्या नावे पाठवली आहे. तुम्हाला त्रास नको.

सोजर


(पोस्टकार्ड)
गुलबर्गा, २ ऑगस्ट १९८७

चि. सोजर, रजिस्टर पोचलं. साहेबांनी स्वतः फोडलं, त्यामुळे आता इलाज नाही. पाण्याचा नमुना न्यायला माणूस येईल. त्याला चहा पाज, आणि पंपावर कशाला तंगडतोड करतो म्हणावं. ओढ्याचं पाणी बाटलीत भरून दे. पाणी ते पाणी. — श्रीमंत


बोरटाकळी
११ ऑक्टोबर १९८७

ती. मामांस, जयभीम.

तुमचं कार्ड मला थट्टा वाटलं होतं. आता वाटत नाही. सगळं क्रमानं सांगते.

ऑगस्टच्या मध्याला तात्याराव नावाचे गृहस्थ बाटल्या घेऊन आले. निवृत्तीला आलेले, बोलके. मी त्यांना पंपावर नेलं आणि पंपाचंच पाणी दिलं. बाटली धुता धुता म्हणाले, "ह्या वस्तीत म्या पैल्यांदा न्हाई आलो, बाई. शहात्तर साली भोक पाडलं तवा बी म्याच बाटली भरून नेली हुती."

"मग तेव्हाच्या तपासणीचं काय झालं?"

"ते हापिसाला ठावं. आमचं काम बाटली भरायचं."

महिन्याभरानं तुमच्या कचेरीचं उत्तर आलं. कन्नडमध्ये होतं. शरणप्पांनी प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेसमोर मराठीत करून वाचलं: "सदर हातपंपाच्या पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण लिटरमागे ४.६ मिलिग्रॅम आढळून आले. अर्जदारांनी मागितलेले फ्लोराइड पाण्यात मुळातच उपलब्ध असल्याने वेगळी तरतूद करण्याची आवश्यकता नाही. मागणीची पूर्तता झाल्याने अर्ज निकाली काढण्यात येत आहे." मी मुलांना टाळ्या वाजवायला लावल्या. मामा, टाळ्या मी वाजवायला लावल्या.

पुढच्याच आठवड्यात कमलनगरला दंततपासणीचं शिबिर होतं. अकरा मुलांना घेऊन गेले. डॉक्टरबाईंनी तिसऱ्या मुलानंतर तपासणं थांबवलं आणि विचारलं, "पाणी कुठलं पिता?" मी पिशवीतून कचेरीचं पत्र काढून अभिमानानं त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढून पुसला, मग मला बाजूला बसवून समजावलं. थोडं फ्लोराइड दात राखतं. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की तेच दात आतून बिघडवतं. मुलांचे दात अस्वच्छ नाहीत, ते घडतानाच डागाळलेले आहेत. राखेनं घासा नाही तर रंध्यानं. आणि हेच पाणी वर्षानुवर्षं प्यायलं तर पुढे हाडं धरतात.

माझ्या पुस्तकात हे असणार, पण पुढच्या प्रकरणात. मी पुढचं प्रकरण वाचायच्या आधीच अर्ज केला.

शिबिरात प्रत्येक मुलाला सरकारतर्फे एकेक टूथपेस्ट फुकट मिळाली. नळीवर ठळक छापलं आहे, फ्लोराइडयुक्त. सरकार मागेल त्याला देतंच, न मागता वरतीही देतं.

माझे दात पांढरे, मारोतीदादाचे पांढरे. इंदिरापासून खालची सगळी मुलं तपकिरी. इंदिरा पंप बसल्यानंतर वर्षानं जन्मली. हे कळायला बी.एस्सी. लागत नाही, आणि बी.एस्सी. असून मला ते कळलं नाही.

आता सावीचं ऐका. मारोतीदादाची धाकटी सावित्री, तुम्ही तिला अजून पाहिलेलं नाही. दोन वर्षांची आहे. तिचे दुधाचे दात तांदळासारखे आहेत. आई येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवते, "दाव गं सावे, दात दाव." डॉक्टरबाई म्हणाल्या, पक्के दात हिरडीच्या आत आत्ताच घडत असतात, आठ वर्षांपर्यंत. म्हणजे ती आज जे पाणी पिते त्याचे ते दात होणार. आज, मामा. समितीची कोंबडी शिजेपर्यंत वेळ नाही.

मी दुसरा अर्ज केला: पंपाचं पाणी घातक आहे, दुसरी सोय करा. आठ दिवसांत उत्तर आलं. इतकं झटपट उत्तर मी कधी पाहिलं नव्हतं. "अर्जदारांनी पूर्वी फ्लोराइडची मागणी केली असून आता त्याविरुद्ध मागणी करणे विसंगत आहे. नवीन आधाराशिवाय प्रकरण पुन्हा उघडता येणार नाही." सत्याऐंशी अंगठे माझ्याच विरुद्ध साक्षीला उभे आहेत.

नवीन आधार म्हणजे शहात्तरचा तो अहवाल. पाणी वाईट आहे हे पंप बसवतानाच कचेरीला ठाऊक होतं, एवढं दाखवता आलं तर त्यांना प्रकरण उघडावंच लागेल. तुम्ही तेव्हापासून तिथे आहात. शोधून द्या.

सोजर


गुलबर्गा
१ नोव्हेंबर १९८७

चि. सोजर,

अहवाल शोधावा लागला नाही. तो माझ्यामागच्या कपाटात, तळच्या खणात, जुन्या हजेरीपटांच्या खाली आहे. तिथे मीच ठेवला आहे.

शहात्तर साली वरून हुकूम होता की वस्त्यांवर अमुक इतके पंप बसलेच पाहिजेत. यादी माझ्या टेबलावरून जायची. बोरटाकळी यादीत नव्हतं. ते मी घातलं. बावीस वर्षांत एवढं एकच काम मी कुणी न सांगता केलं. मार्चअखेरीला भोक पाडलं. पाण्याचा अहवाल आल्याशिवाय पंप बसवू नये असा नियम आहे. पण चौदा एप्रिलला वस्तीत कार्यक्रम ठरला होता, साहेबांना आकडा पुरा करायचा होता, आणि मला अक्काच्या हातात पंपाचा दांडा द्यायचा होता. मी फायलीवर "अहवाल अपेक्षित" असं लिहून पुढे सरकवलं. पंप बसला. पहिला दांडा अक्कानं मारला. तू बारा वर्षांची होतीस, पेढे वाटत होतीस.

अहवाल नऊ मे रोजी आला. ४.४. पिण्यास अयोग्य. अशा वेळी पंप काढून यादीतल्या पुढच्या गावी न्यायचा असतो.

आम्ही लहान असताना गावच्या विहिरीवर काय चालायचं ते अक्का कधी सांगत नाही, मीच सांगतो. ती घागर घेऊन काठापासून दहा पावलं लांब बसायची. कुणाला वाटलं तर तो पोहरा वर काढून तिच्या घागरीत उंचावरून ओतायचा, पोहऱ्याला घागर लागू न देता. निम्मं पाणी तिच्या अंगावर. कुणाला नाही वाटलं तर दुपार. सत्तावन्न साली आमच्या बापानं दीक्षा घेतली आणि सांगितलं, आजपासून त्या विहिरीकडे आपली घागर जाणार नाही. मग ओढ्याच्या वाळूत झरे खोदायचे. उन्हाळ्यात दोन हात वाळू उपसली की तांब्याभर पाणी. एकोणीस वर्षं अक्कानं वाळू उपसली.

अहवाल हातात धरून मी म्हटलं, पिण्यास अयोग्य पाणी कशाला म्हणतात हे प्रयोगशाळेनं आमच्या अक्काला विचारावं. दातांना डाग पडतात म्हणे, पडू देत. आणि कागद खणात ठेवला.

मुलांचं मला ठाऊक नव्हतं, असं लिहून इथे पत्र संपवलं तर बरं दिसेल. पण अहवालाच्या तळाशी एक ओळ आहे: "लहान मुलांस विशेष अपायकारक." मी ती वाचली होती.

सुट्टी मिळत नाही असं दरवर्षी कळवतो. सुट्टी मिळते.

श्रीमंत


बोरटाकळी
२० डिसेंबर १९८७

ती. मामांस,

उत्तराला सात आठवडे लागले. तुम्हाला अकरा वर्षं लागली, तेव्हा चालवून घ्याल.

पत्र मी आईला वाचून दाखवलं. सगळं, तळाच्या ओळीसकट. ती उठून पंपावर गेली, घागर भरली आणि घागरीत बघत उभी राहिली. मग म्हणाली, "श्रीमंतानं पंप दिला."

"आई, कागदही त्यानंच लपवला."

"व्हय. दोन्ही त्यानंच केलं."

तेव्हापासून ती तुमच्याबद्दल बोलत नाही. मीही विचारत नाही.

गावात गोडं पाणी एकाच ठिकाणी आहे, त्याच विहिरीत. पाच वर्षांपूर्वी वरच्या आळीला त्यांचा वेगळा हातपंप मिळाला, तेव्हापासून विहीर ओस पडली आहे. आत गाळ आणि कबुतरं. आणि ऐका, वरच्या आळीतल्या लहान मुलांच्या दातांवरही आता तेच निघालं आहे. माणिकरावांच्या नातवाला मी उजेडात नेऊन तोंड उघडायला लावलं, दुधाचे दात पडून नवे आले आहेत त्यांवर खडूचे पट्टे. आपल्या गावात आलेला हा पहिलाच पाहुणा, ज्यानं कुणाच्या दारात जात विचारली नाही. शरणप्पांनी मात्र सोमवारची तपासणी अचानक बंद केली. माणिकरावांच्या नातवाला छडी मारायचा प्रसंग येऊ नये म्हणून असेल.

चावडीवर बैठक झाली. मी पाऊण तास बोलले, फळ्यावर दाताचं चित्र काढलं. माणिकरावांनी सगळं ऐकलं आणि मोठ्या मनानं म्हणाले, "इहीर साफ करून घेऊ. लेकरं समद्यांचीच हायेत. तुमच्या लेकरांपुरतं पाणी आमची माणसं शेंदून घालतील. तुमाला तरास कामून?"

मला तर हायसं वाटलं. मी "आभारी आहे" म्हणायला तोंड उघडलं होतं. आई मागून उठली.

"शेंदून घालतील? वरून का?"

माणिकराव फळ्यावरच्या दाताकडे बघू लागले.

"लई जीव हाय तुमचा आमच्यावर, माणिकराव. माझ्या लेकराला मी तसलं पाणी पाजलं न्हाई, आता नातीला पाजू व्हय?" आणि पदर सावरून निघून आली. तिच्यामागे सगळी वस्ती उठली. माझं दाताचं चित्र तेवढं राहिलं.

घरी मी तिच्याशी भांडले. म्हटलं, तुझ्या मानापायी सावीचे दात जातील. ती सावीची वेणी घालत होती. म्हणाली, "दात काळे झाले तर हात ठिवून हसंल. मान खाली गेली तर कशावर हात ठिवंल?"

याचं उत्तर कुठल्या प्रकरणात आहे ते मला माहीत नाही. सावी मधल्या काळात रोज पंपाचंच पाणी पिते आहे. डॉक्टरबाईंच्या हिशेबानं तिच्या पुढच्या दातांची वेळ हीच.

मारोतीदादा उदगीरला जाताना गुलबर्ग्याच्या गाडीवाल्याजवळ एक बाटली देईल. विहिरीचं पाणी आहे. तपासून आणा, खरा आकडा कळवा. आणि शहात्तरचा अहवाल पाठवा. मूळ प्रत.

सोजर


गुलबर्गा
१५ जानेवारी १९८८

चि. सोजर,

बाटली पोचली. तात्यारावांना सोबत घेऊन प्रयोगशाळेत माझ्यासमोर तपासून घेतली. विहिरीचं पाणी ०.७. गाळ काढून पोटॅशियम परमँगनेट टाकलं की पिण्यास योग्य. "योग्य" हा शब्द कागदावर उमटलेला मी बऱ्याच दिवसांनी पाहिला.

शहात्तरच्या अहवालाची मूळ प्रत सोबत आहे. वरच्या कोपऱ्यात माझ्या अक्षरात शेरा आहे: "वाचले. दप्तरी ठेवावे. श्रीमंत." पुसता आला असता. पुसण्याची सोय आमच्याकडे लिहिण्यापेक्षा चांगली आहे.

मार्चमध्ये मला अधीक्षक करण्याचं घाटत आहे. हे मी तुला दया यावी म्हणून सांगतो आहे. हेतू सांगून टाकला, म्हणजे आता तो फुकट गेला. कागद अर्जाला जोडायचा की नाही ते तू ठरव. जोडलास तर शेरा खोडू नकोस. खोडाखोड केलेला कागद ते पुरावा मानत नाहीत.

श्रीमंत


बोरटाकळी
२७ मार्च १९८८

ती. श्रीमंतमामांस,
सप्रेम जयभीम.

जोडला. शेऱ्यासकट.

पाकीट चिकटवून तीन दिवस घरात ठेवलं होतं. चौथ्या दिवशी सावी पंपाखाली ओंजळ धरून पाणी पीत होती आणि मला बघून खुदकन हसली. मी तशीच कमलनगरला चालत गेले.

तुमच्या कचेरीनं प्रकरण उघडलं. "पर्यायी पाण्याच्या शोधाचे सर्वेक्षण करण्यासाठी पूर्वसर्वेक्षण" मंजूर झालं आहे. त्यातून पाणी निघेल तेव्हा सावीला नातवंडं असतील. तोवर त्यांनी दोन्ही पंपांच्या दांड्यांना तांबडा रंग लावून दिला. उठून दिसतो.

पण विहीर चालू झाली. कशी ते सांगते.

गाळ काढायचं वरच्या आळीनं ठरवलं खरं, पण आत उतरायला कुणी तयार होईना. कडा ढासळलेल्या, कपारीत साप, तळाला पुरुषभर चिखल. बाहेरून मजूर आणले, ते आत डोकावून जेवून परत गेले. शेवटी माणिकरावांनी मारोतीदादाला निरोप धाडला. दादा आणि वस्तीतले अकरा जण तयार झाले. उतरायच्या दिवशी सकाळी आई विहिरीच्या काठावर जाऊन उभी राहिली. सत्तावन्नपासून पहिल्यांदा, एकतीस वर्षांनी. सगळ्या गावासमोर म्हणाली, "गाळ आमच्या हातानं निघायलाय, तर पाणी बी आमच्याच हातानं निघंल. आमचा दोर, आमचा पोहरा. कबूल असंल तर पोरं उतरतील."

माणिकराव बघत राहिले. कुणी हो म्हटलं नाही, कुणी नाही म्हटलं नाही. आई मिनिटभर थांबली आणि दादाला म्हणाली, "उतर." तुमच्या भाषेत, हरकत नसल्याचे गृहीत धरण्यात आले.

सहा दिवस लागले. पाणी निवळल्यावर आईनं पहिला पोहरा सोडला. भरला पोहरा जड होता. मला वाटलं मी धरू, पण तिनं कोपरानं बाजूला सारलं. शेजारी माणिकरावांच्या चंद्रभागाबाई नातवासाठी कळशी घेऊन उभ्या होत्या. जरा वेळानं म्हणाल्या, "कोंडाबाई, होऊ द्या की लवकर. ऊन चढायलंय."

आई म्हणाली, "थांबा की. बसायचं असंल तर तिकडं दहा पावलांवर जागा हाय. आमच्या वळकीची हाय."

चंद्रभागाबाई बसल्या नाहीत. उभ्याच राहिल्या, पण थांबल्या.

गाव बदललं वगैरे मी लिहिणार नाही. वरच्या आळीतल्या दोन घरांनी विहिरीचं पाणी सोडलं आणि ते आता मुलांना सुखानं तांबड्या दांड्याचं पाणी पाजतात. त्यांना फ्लोराइड चालतं, आमचा पोहरा चालत नाही. त्या घरांतल्या मुलांसाठी मला वाईट वाटतं, दोघं माझ्या वर्गात आहेत. मी त्यांच्यासाठी वर्गात विहिरीच्या पाण्याचा माठ ठेवला आहे. कुणाला सांगू नका.

उन्हाळ्यात विहिरीला पाणी बेताचं, म्हणून आठ वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे रोज एकच घागर ठरली आहे. मोठी माणसं अजून पंपाचंच पितात. इंदिराला मी सांगितलं की तिचे डाग आता जाणार नाहीत. तिनं विचारलं, "सावीचे येणार न्हाईत ना?" आता सावीची घागर ती कुणाला शिवू देत नाही.

राहता राहिले तुम्ही. काल आईनं आपणहून विचारलं, "त्याला हापिसातनं काढतील का?"

मी म्हटलं, चौकशी होईल.

"होऊ दे. काढलं तर म्हणाव इकडं ये. सावीला आठ वरसं होईस्तोर तिची घागर त्यानं शेंदायची. न्हाई काढलं तर रजा काढून येऊन शेंदायची."

मी विचारलं, हे रागानं लिहू का मायेनं?

म्हणाली, "शाईनं लिव. त्याला कागदच समजतो."

आपली भाची,
सोजर


गुलबर्गा
९ एप्रिल १९८८

चि. सोजर,
आशीर्वाद व जयभीम.

नोटीस मिळाली. आवक नोंदवहीत मीच चढवली, माझ्याच टेबलावर मीच ठेवली आणि पोच म्हणून मीच सही केली. स्पष्टीकरण एका ओळीचं दिलं: अहवाल मी वाचला होता व मीच ठेवला. साहेबांना ते फार आखूड वाटलं. म्हणाले, अहो, परिस्थिती लिहा, भावना लिहा, काही तरी वाट काढू. परिस्थिती तुला एकदा लिहिली आहे. ती सरकारला सांगण्यासारखी नाही.

अठरा तारखेपासून निलंबन. अधीक्षकाच्या जागी लायक माणूस मिळाला आहे. काल माझ्याकडून कपाटाच्या किल्ल्या घेताना त्यानं हळूच विचारलं, तळच्या खणात अजून काही आहे का? मी म्हटलं, जागा आहे.

एकोणीसच्या गाडीनं निघतो, कमलनगरला उतरून चालत येईन. पाणी काठापासून किती हात खाली आहे ते मोजून उलट टपाली कळव. इथल्या बाजारात अंबाडीचा दोर चांगला मिळतो.

श्रीमंत